विश्लेषण : महामार्ग पोलीस नेमके काय करतात?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा बोरघाट असो की मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडी घाट, अपघात झाला की ‘महामार्ग पोलीस घटनास्थळी दाखल’ हे वाक्य बातमीत असतेच. गुन्ह्याची नोंद मात्र खोपोली किंवा पोलादपूरसारख्या स्थानिक पोलीस ठाण्यात होते. जखमींच्या नातेवाइकांची धावपळ होते ती इथेच.

यंत्रणेची रचना कशी?

महामार्ग पोलीस हा महाराष्ट्र पोलीस दलाचाच भाग आहे. कागदोपत्री नाव महामार्ग सुरक्षा पथक. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक) हे प्रमुख. त्यांच्या हाताखाली ठाणे, पुणे, नागपूर अशा विभागांना पोलीस अधीक्षक आणि प्रत्यक्ष रस्त्यावर पळस्पे, बोरघाट, कशेडी, हातखंबा यांसारखी महामार्ग पोलीस मदत केंद्रे.

रोजचे काम काय?

गस्त घालणे, स्पीड गनने वेग तपासून ई-चलान करणे, मार्गिका मोडणाऱ्यांवर कारवाई करणे. अपघातानंतर जखमींना बाहेर काढून रुग्णालयात पाठवणे, क्रेनने वाहने हटवणे आणि वाहतूक वळवणे. घाटात बंद पडलेला एक ट्रक वेळीच हलला नाही, तर मागून दुसरे वाहन आदळण्याचा धोका असतो.

तपास कोणाकडे?

पंचनामा, गुन्ह्याची नोंद आणि तपास स्थानिक पोलीस ठाण्याकडे. विम्याच्या दाव्यासाठी लागणारी कागदपत्रेही तिथूनच मिळतात. वाहनांचे परवाने, योग्यता प्रमाणपत्र हा आरटीओचा विषय. त्यांची वायुवेग पथके वेगळी.

मर्यादा कोणती?

राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाल्यास ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. त्यासाठी अपघातांची माहिती पोलिसांकडून येते. मात्र वळण सुधारणे, दुभाजक बांधणे हे काम रस्त्याची मालकी असलेल्या यंत्रणेचे. तिने हात हलवला नाही, तर त्याच वळणावर पोलिसांना पुन्हा जखमी उचलावे लागतात.

अपघात दिसल्यास काय करावे?

११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनी. फोनवर जवळचा किलोमीटरचा दगड, कोणत्या बाजूची मार्गिका आणि जखमींची संख्या सांगावी. ‘पुण्याकडे जाताना’ एवढे सांगितले तरी पथक चुकीच्या बाजूने येत नाही. गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास म्हणजे ‘गोल्डन अवर’. तातडीच्या उपचारांनी जीव वाचण्याची शक्यता त्यात सर्वाधिक, असे मोटार वाहन कायदाच मानतो.

पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून अनेक जण थांबत नाहीत. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १३४अ नुसार सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. पथक पोहोचेपर्यंतची मिनिटे शेवटी थांबणाऱ्याच्याच हातात असतात.