फुकट गाण्याचं बिल कोण भरतं?

लता, किशोर, रेहमान, वर चार भक्तिगीतं... सगळं एकाच सीडीत! स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर मिळणारी ती एमपीथ्री सीडी आठवतेय? नसेल तर ऑफिसातल्या एखाद्या सीनियरला विचारा. साध्या ऑडिओ सीडीत जेमतेम ८० मिनिटं मावायची. एमपीथ्रीला मिनिटामागे साधारण १ एमबी पुरायची, म्हणजे ७०० एमबीच्या सीडीत अकरा-साडेअकरा तासांची मैफल! १९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि सीडीचीही गरज उरली नाही. कोर्टाच्या दणक्याने २००१ मध्ये ते बंद पडलं, पण फुकटची चटक लागली ती लागलीच.

तुम्ही म्हणाल, 'बुडल्या त्या कंपन्या. कलाकाराला तसंही काय मिळत होतं?' पॉइंट आहे! सिनेमाच्या गाण्यांचे हक्क बहुतेकदा करारातच निर्माता किंवा कंपनीच्या नावावर व्हायचे. वादक शिफ्टचे पैसे घेऊन घरी जायचा. गाणं घराघरांत वाजलं तरी पाकीट तेवढंच.

पण कंपनीचा गल्ला आटला की कात्री लागते ती रेकॉर्डिंगच्या बजेटला. आठ व्हायोलिनचं काम मग एक कीबोर्ड करतो. आणि पदरमोड करून भावगीतांचा अल्बम काढणाऱ्याच्या मागे तर कंपनीही नसते. तिथे कॉपी म्हणजे थेट त्याच्याच खिशाला चाट.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला होता. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आता करारात लिहूनही कंपनीला हडपता येत नाही. व्यावसायिक वापरासाठी गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. वसुलीची लढाई अजून आहेच, पण निदान कागदावर हक्क आहे.

म्हणजे गंमत बघा. 'कलाकाराला कुठे काय मिळतं?' ही आपली जुनी सबब आता तितकीशी चालत नाही. अधिकृत अ‍ॅपवर वाजलेलं गाणं निदान हिशेबात तरी येतं. रक्कम अगदी किरकोळ, मान्य. पण व्हिडिओवरून 'रिप' करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं गाणं कुठल्याच वहीत चढत नाही.

मग करायचं काय? फार काही नाही. गाणं आवडलं तर लिंक पाठवा, फाइल नको. कार्यक्रमाला पास न मागता तिकीट काढा. कलाकार स्वतःचा अल्बम विकत असेल तर तो घ्या. टपरीवरच्या कटिंगचे पैसे आपण कधी बुडवतो का? मग गाणाऱ्याचेच का, बॉस?