सुरांची साठवण

चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते. शिल्पकाराने घडविलेली मूर्ती शेकडो वर्षे टिकते. कवीची कविता ग्रंथातून पुढच्या पिढीच्या हाती जाते. गवयाची कला मात्र फार नाजूक! कंठातून निघालेला सूर क्षणभर हवेत लहरतो आणि विरून जातो. ज्याने तो ऐकला त्याच्या स्मरणात तो काही काळ राहतो. पुढे ते स्मरणही नाहीसे होते.

भास्करबुवा बखले हे महाराष्ट्रातील एक थोर गायक होऊन गेले. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांचे ते गुरू. पुण्याचा भारत गायन समाज त्यांनी १९११ साली स्थापन केला. त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले, ते आयुष्यभर त्याच्या आठवणी सांगत राहिले. १९२२ साली बुवा निवर्तले. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. शिष्यांच्या गाण्यावरून त्यांच्या गायकीची कल्पना येते. पण बुवांचा प्रत्यक्ष आवाज आता कोणालाही ऐकावयास मिळणार नाही.

वस्तुतः ध्वनी साठविण्याची युक्ती त्या काळी सापडलेली होती. १८७७ साली अमेरिकेत एडिसनने कथिलाच्या पातळ पत्र्यावर मनुष्याचा आवाज उमटवून तो पुन्हा ऐकविला. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आला. एका हॉटेलच्या खोलीत त्याने आपली यंत्रे मांडली आणि प्रसिद्ध गायिका गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरात नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. मैफलीत घटका-घटका रंगणारा राग तीन मिनिटांत मांडावयाचा, हे केवढे कठीण काम! गाणे संपताच गौहरजान मोठ्याने आपले नाव उच्चारी. तबकड्या जर्मनीत तयार होत. तेथील कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे त्यावरून कळे.

त्या काळी गायकाला यंत्रापुढे जावे लागे आणि ते यंत्र कधी काळी, कोठेतरी दूरच्या शहरी येई. आज ते यंत्र घराघरांत येऊन बसले आहे. ज्या संगणकावर वडील हिशेब करतात, ताई पत्रे लिहिते, तोच संगणक गाणेही मुद्रित करू शकतो. त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. एक मायक्रोफोन, कानांना लावावयाचा हेडफोन आणि संगणकात ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, एवढ्यावर प्रारंभ होतो. सॉफ्टवेअर विकतच घ्यावे लागते असे नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली ज्याच्या निर्मितीस आरंभ झाला, ते ‘ऑडासिटी’ हे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य वापरता येते.

सूर हवेतून संगणकात जातो तरी कसा? मायक्रोफोनमध्ये एक अत्यंत पातळ पडदा असतो. गाणाऱ्याच्या आवाजाने हवा कंप पावते आणि तिच्याबरोबर हा पडदाही थरथरतो. त्या थरथरीचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म प्रवाहात होते. परंतु संगणकाला केवळ आकड्यांची भाषा समजते. म्हणून त्या प्रवाहाचे आकडे करावे लागतात. हे काम ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाची छोटी पेटी करते. यूएसबी मायक्रोफोनच्या पोटात ही व्यवस्था आधीच केलेली असते. म्हणून नवशिक्याला तो सोयीचा पडतो.

आकडे करणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने समजेल. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे पुलाच्या खांबावरील खुणांकडे पाहून कोणी दर तासाला पाण्याची उंची वहीत लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ती वही पाहून पाणी केव्हा चढले, केव्हा उतरले याची रेषा कागदावर हुबेहूब काढता येते. संगणकही ध्वनीच्या लाटेची उंची अशीच नोंदवितो; मात्र तासातून एकदा नव्हे, तर एका सेकंदात ४४,१०० वेळा! प्रत्येक वेळी ती उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे तो लिहून ठेवतो. इतक्या वेळा कशासाठी? मनुष्याच्या कानाला एका सेकंदात सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कोणतेही कंपन अचूक नोंदवावयाचे, तर एका कंपनामागे दोहोंहून अधिक नोंदी लागतात. म्हणून ही संख्या ४०,००० च्या थोडी वर ठेवलेली आहे.

यंत्र आपले काम चोख करते. पण याचा अर्थ असा की, जे चांगले ते जसे यंत्र टिपते, तसेच जे वाईट तेही टिपते. मनुष्याचे कान मोठे दयाळू असतात. गाण्यात मन रमले की पंख्याची घरघर, स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी, रस्त्यावरील मोटारीचा कर्णा यांकडे ते दुर्लक्ष करतात. मायक्रोफोनला अशी निवड करता येत नाही. यास्तव मुद्रणापूर्वी काही क्षण डोळे मिटून स्वस्थ बसावे आणि खोलीत काय काय ऐकू येते ते ध्यान देऊन ऐकावे. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, घरातील मंडळींना कल्पना द्यावी. पहाटेची वेळ या कामी उत्तम. रियाजालाही हीच वेळ वडीलधाऱ्यांनी सांगितली आहे.

दुसरी अडचण खोलीचीच असते. रिकाम्या खोलीत टाळी वाजविली तर आवाज घुमतो, कारण उघड्या भिंतींवर आदळून तो परत फिरतो. हा घुमारा गाण्यात मिसळला तर शब्द अस्पष्ट होतात. अशा वेळी घरातील गोधड्या, उशा व गाद्या कामी येतात. मऊ वस्तू आवाज शोषून घेतात. गाणाऱ्याच्या पाठीमागे एखादी जाड गोधडी दोरीवर टांगली आणि खाली सतरंजी अंथरली, तरी पुष्कळ फरक पडतो. कपड्यांनी व पुस्तकांनी भरलेली लहानशी खोली मोठ्या रिकाम्या दिवाणखान्यापेक्षा या कामाला अधिक चांगली.

मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर असावा. तो दूर नेला की गाणाऱ्याचा आवाज झपाट्याने क्षीण होतो आणि खोलीचा घुमारा मात्र तसाच राहतो. तो फारच जवळ आणला तर निराळीच अडचण उद्भवते. तोंडासमोर तळहात धरून ‘पाणी’, ‘फूल’, ‘भाकर’ हे शब्द उच्चारून पाहावेत. तळहातावर वाऱ्याचा झोत लागतो. व्याकरणात प, फ, ब, भ यांना ओष्ठ्य व्यंजने म्हणतात. ती उच्चारताना मिटलेले ओठ उघडतात आणि कोंडलेली हवा एकदम बाहेर पडते. हा झोत मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळला म्हणजे मुद्रणात ‘धप्प’ असा आवाज येतो. त्यासाठी मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा. अथवा भरतकामाच्या गोल चौकटीवर तलम कापड ताणून ती मध्ये धरावी. वारा अडतो आणि सूर पलीकडे जातो.

यानंतर आवाजाची पातळी ठरवावयाची. काठोकाठ भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतले तर ते सांडते. त्याचप्रमाणे संगणकाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे आवाज गेला तर लाटेचा माथा कापला जातो आणि सूर फाटल्यासारखा ऐकू येतो. असे फाटलेले मुद्रण पुढे नीट दुरुस्त होत नाही. सॉफ्टवेअरच्या पातळीमापकावर ही मर्यादा शून्य या आकड्याने दाखविलेली असते व तिच्या खालचे आकडे ऋण असतात. गाण्यातील सर्वांत चढा भाग आधी म्हणून पाहावा आणि तो उणे १२ ते उणे ६ डेसिबल या दरम्यान राहील अशी योजना करावी. मग पाच-दहा सेकंद काहीच न गाता खोलीतील शांतता मुद्रित करावी. एखादी बारीक घरघर राहून गेली असेल तर ती येथे कळते, आणि पुढे ती कमी करण्यासही या शांततेचा उपयोग होतो.

संगणकाची आणखी एक करामत म्हणजे थरांवर थर रचणे. अमेरिकेतील लेस पॉल या गिटारवादकाने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेत गिटारचे आठ भाग एकट्याने वाजविले होते. ते त्याने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, एका तबकडीवरचे वादन ऐकत दुसरे वाजवीत, मोठ्या कष्टाने मुद्रित केले. संगणकावर हेच काम सोपे झाले आहे. प्रथम तंबोरा, मग तबल्याचा ठेका, मग गायन, शेवटी पेटी, असे एकेक अंग निरनिराळ्या वेळी मुद्रित करून एकत्र ऐकता येते. आधीचे थर हेडफोनमधूनच ऐकावेत. नाही तर तबल्याचा आवाज गायनाच्या थरातही शिरतो.

तथापि प्रत्येक सोयीला एक मर्यादा असते. मैफलीत गायक सम गाठताना तबलजीकडे पाहतो आणि तबलजी त्याच्या तानेचा रोख ओळखून हात आखडता घेतो. भजनात एकाचा सूर चढला की बाकीच्यांनाही हुरूप येतो. वेगवेगळ्या वेळी मुद्रित केलेल्या थरांत ही देवघेव होत नाही. म्हणून अभंग वा भजन मुद्रित करावयाचे असेल तर सर्वांनी एकत्र बसून, एकच मायक्रोफोन मध्ये ठेवून गावे, हेच बरे.

पहिले मुद्रण ऐकताना बहुतेकांना धक्का बसतो. ‘हा का आपला आवाज?’ असे वाटते. बोलताना वा गाताना मनुष्य स्वतःचा आवाज हवेतून ऐकतो, तसाच तो कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. मुद्रणात केवळ हवेतला आवाज असतो. त्यामुळे तो परका भासतो. पण त्यात लाजण्यासारखे काही नाही. कोठे सूर उतरला, कोठे श्वास चुकीच्या जागी तुटला, कोठे लय धावली, हे हा स्पष्टवक्ता मित्र न चुकता सांगतो. चुकलेली ओळ कापून तेथे दुसरी जोडता येते, हे खरे. पण ती दुसरी ओळ गावी लागते गळ्यानेच. संगणक सूर साठवितो. गाणाऱ्यासाठी रियाज तो करीत नाही.

मुद्रण झाले म्हणजे काम संपले असे नाही. ते जपून ठेवणे हाही त्याचाच भाग आहे. ‘वेव्ह’ या प्रकारात सर्व आकडे जसेच्या तसे राहतात. एका मिनिटाच्या एकपदरी मुद्रणास सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते. ‘एमपी-थ्री’ या प्रकारात कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून आकार कमी करतात. मात्र गाळलेले पुन्हा मिळत नाही. म्हणून मूळ प्रत ‘वेव्ह’मध्ये ठेवावी व दुसऱ्यास पाठविण्यासाठी ‘एमपी-थ्री’ वापरावी. मूळ प्रतीच्या दोन नकला दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख मुद्रणाच्या आरंभीच बोलून ठेवावी. गौहरजानची ती रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

काय मुद्रित करावे, हा प्रश्न उरतो. स्वतःचे गाणे तर करावेच. पण घरातच एखादा दुर्मीळ ठेवा असू शकतो. पूर्वी महाराष्ट्रातील स्त्रिया पहाटे जात्यावर दळताना ओव्या गात. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही मुक्या होऊ लागल्या. हे ओळखून हेमा राईरकर व गी प्वातवँ या दोन अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील कित्येक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात मुद्रित करून ठेवल्या आहेत. ज्यांचे नाव कोणत्याही मैफलीच्या पत्रिकेवर कधी छापले गेले नाही, त्यांचा सूर त्यामुळे टिकला.

असा सूर पुष्कळ घरांत अजून आहे. एखाद्या आजीला पाळणे येतात, एखाद्या आजोबांना भारुडे व भूपाळ्या मुखोद्गत असतात. त्यांची संमती घ्यावी, त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवावे, पंखा बंद करून मायक्रोफोन एका वितीवर ठेवावा आणि स्वस्थ ऐकावे. गाताना त्या थांबल्या, खोकल्या, एखादी ओळ विसरून हसल्या, तरी ते कापून टाकू नये. पुढे कधी ते घर शांत झाले, तर गाण्याइतकेच ते हसूही अनमोल वाटेल.

स्वाध्याय

१. भास्करबुवा बखले यांचा आवाज आज का ऐकावयास मिळत नाही?
२. पुराच्या पाण्याच्या नोंदी व संगणकातील ध्वनीच्या नोंदी यांत साम्य कोणते व फरक कोणता?
३. ओष्ठ्य व्यंजनांमुळे मुद्रणात कोणती अडचण येते? तिच्यावर उपाय कोणते?
४. ‘संगणक सूर साठवितो, गाणाऱ्यासाठी रियाज तो करीत नाही.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला येणारे एक जुने गाणे त्यांच्याकडून ऐका, वहीत उतरवून घ्या व शक्य असल्यास मुद्रित करा.