बुडालेले डोंगर आणि ध्वनीची वाट
बीडच्या बालाघाट डोंगररांगांतील काळा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडला, आणि अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात बुडालेल्या रामन, पणिक्कर व वाडिया या पर्वतांची सांगडही दख्खनच्या त्याच ज्वालामुखी घडामोडींशी घातली जाते. असे बुडालेले पर्वत ध्वनीच्या वाटेतही येऊ शकतात. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. खोल जाताना गारव्यामुळे तो आधी मंदावतो, पुढे वाढत्या दाबामुळे पुन्हा वेग घेतो, आणि मधल्या किमान वेगाच्या थरात, म्हणजे ध्वनिवाहिनीत, लहरी पुनःपुन्हा आत वळत हजारो किलोमीटर जातात. पर्वताचे शिखर या थरात घुसले, तर काही लहरी परततात, काही खडबडीत उतारांवर विखुरतात आणि पर्वतामागे ध्वनिछाया, म्हणजे आवाज क्षीण होणारा पट्टा, तयार होते. तरीही, आणि हे खरोखर विलक्षण आहे, कडेने वाकून थोडी ऊर्जा तेथेही पोहोचतेच.