घरातील वीज आणि तिचे राखणदार

विजेच्या तारेवर चिमण्या ओळीने बसलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ज्या तारेला हात लागताच माणसाच्या प्राणावर बेतते, तिच्यावर ह्या इवल्याशा जीवांनी खुशाल पिसे साफ करीत बसावे, ह्याचे लहानपणी मला मोठे नवल वाटे. चिमणीच्या अंगी काही विशेष शक्ती असते काय? मुळीच नाही. तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, एवढेच. पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे धावते, तशी वीज अधिक दाबाच्या जागेकडून कमी दाबाच्या जागेकडे धावते. चिमणीच्या दोन पायांमध्ये दाबाचा फरक जवळजवळ नसतो. म्हणून तिच्या अंगातून जाण्याचे विजेला कारणच पडत नाही. मात्र त्याच चिमणीने एक पाय तारेवर आणि दुसरा जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबावर टेकला, तर ती तत्क्षणी मरून पडेल.

आपण माणसे जमिनीवर उभी असतो. म्हणजे आपला एक पाय सदैव त्या खांबावर असतो, असेच म्हणा ना!

आपल्या घरात रस्त्यावरून मुख्यतः दोन तारा येतात. एकीला ‘फेज’ म्हणतात. तिच्यात सुमारे २३० व्होल्टचा दाब असतो. दुसरीला ‘न्यूट्रल’ म्हणतात. ती विजेच्या परतीची वाट होय. वीज फेजमधून येते, दिव्यातून किंवा पंख्यातून जाते आणि न्यूट्रलच्या वाटेने माघारी फिरते. पण रोहित्राजवळ ही न्यूट्रल तार जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे जमीन ही सुद्धा विजेला परतीची एक वाटच ठरते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून आपण फेजला स्पर्श केला, की विजेला आपल्या देहातून जाणारी वाट मिळते. पावसाळ्यात विजेचे अपघात फार होतात ह्याचे एक मोठे कारण हेच. ओल आली की ही वाट अधिक सुकर होते.

ह्या गोष्टी मी पुस्तकात वाचल्या होत्या, वर्गात सांगितल्याही होत्या. आणि तरीही माझ्याच घरी मी काय करून ठेवले होते, ते सांगतो.

१९९४ साली आम्ही कोकणात, तालुक्याच्या गावी, एका जुन्या कौलारू घरात राहत होतो. भिंतींवरून लाकडी पट्ट्या ठोकून त्यांतून विजेच्या तारा फिरविलेल्या होत्या. त्या वर्षी थंडीत घरातला फ्यूज वारंवार जळू लागला. फ्यूज म्हणजे चिनी मातीच्या खाचेत बसविलेली एक बारीक तार. ठरलेल्याहून अधिक प्रवाह वाहू लागला की ती तापून वितळते आणि वीज बंद पडते. दर दोन दिवसांनी नवी तार बांधून मी कंटाळलो. मग शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या सल्ल्याने जुन्या वायरीतील तांब्याचे पाचसहा धागे एकत्र पिळून मी तेथे घट्ट बसविले. फ्यूज जळणे थांबले. आपण एक दुरुस्ती केली, ह्याचा मला चांगलाच अभिमान वाटला.

जुलै महिना आला. पडवीत कपडे वाळत घालण्यासाठी एक लोखंडी तार बांधावी, म्हणून मी भिंतीत एक भलामोठा खिळा ठोकला. तीनचार दिवस सारे ठीक होते. मग एका सकाळी, रात्रभर पाऊस कोसळून गेल्यावर, माझी अकरा वर्षांची मुलगी शाळेचा ओला झगा त्या तारेवर टाकावयास गेली आणि किंचाळून मागे फेकली गेली. तिच्या पायांत रबरी सपाता होत्या. त्या नसत्या तर काय झाले असते, ह्याचा विचार करणे मी आजही टाळतो.

आम्ही तारतंत्र्याला बोलाविले. ‘वायरमन’ ह्या शब्दाला मराठीत हा सुरेख प्रतिशब्द आहे. तो एक वयस्क गृहस्थ होता. घरात शिरताच त्याने कोणीही कशाला हात लावू नये असे बजावले. आपला टेस्टर त्याने आधी चालू सॉकेटात घालून पाहिला, तो पेटला. म्हणजे टेस्टर ठीक आहे ह्याची प्रथम खात्री. नंतर मेन स्विच बंद करून त्याच सॉकेटात टेस्टर पुन्हा घातला. आता तो पेटला नाही. एवढे झाल्यावरच त्याने कामाला हात घातला. त्याने खिळा उपटला, लाकडी पट्टी उचकटली. आतील फेजच्या तारेचे रबरी वेष्टण माझ्या खिळ्याने बरोबर फाडलेले होते. पट्टीत ओल शिरताच वीज खिळ्यातून कपड्यांच्या तारेत उतरली होती.

मग त्याने फ्यूज उघडला. आतील तांब्याचा पीळ पाहून तो काही बोलला नाही. तो पीळ सोडवून त्याने माझ्या तळहातावर ठेवला.

“ह्याच्यामुळे मुलीला धक्का बसला का?” मी विचारले.

“नाही गुरुजी. तो दोष खिळ्याचा. फ्यूजची तार योग्य असती, तरी ह्या धक्क्याने ती जळली नसती. माणूस मरायला फार थोडी वीज पुरते. तेवढ्याने फ्यूजला पत्तासुद्धा लागत नाही. हा पीळ पुढे कधीतरी घर जाळणार होता.”

हे उत्तर मला नवीन होते, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनाही नवीन असेल. म्हणून ते नीट उलगडून पाहू.

आमच्या घरातील त्या तारांना पाच अँपिअर प्रवाह सोसत असे. इस्त्री ७५० वॉटची आणि पाणी तापविण्याचा हीटर १५०० वॉटचा. दोन्ही एकाच वेळी लावली की २२५० वॉट होतात. त्यांस २३० व्होल्टने भागा. उत्तर सुमारे पावणेदहा अँपिअर येते. म्हणजे जवळजवळ दुप्पट भार! बिचारा फ्यूज जळून आम्हांस इशारा देत होता, आणि मी त्याचे तोंड बांधून टाकले होते. अशा वेळी तारा आतल्या आत तापतात, वेष्टण वितळते आणि लाकडी पट्टी पेट घेते. फ्यूज हा तारांचा राखणदार आहे. आज बहुतेक घरांत त्याच्या जागी ‘एमसीबी’ नावाचा लहान स्विच असतो. भार वाढला की तो आपोआप खाली पडतो. तो पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्याला दोष देऊ नये. भार कोठे वाढला, ते शोधावे.

परंतु माणसाचा राखणदार कोण? एक अँपिअरचे हजार भाग केले, तर त्या एका भागाला मिलिअँपिअर म्हणतात. दहाबारा मिलिअँपिअर प्रवाह हातातून गेला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नासशंभर मिलिअँपिअर क्षणभर छातीतून गेले, तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. जिथे पाच हजार मिलिअँपिअरच्या पुढे फ्यूज जागा होणार, तिथे पन्नासांची दाद तो काय घेणार?

ह्यासाठी दोन राखणदार वेगळे नेमावे लागतात. पहिला म्हणजे अर्थिंग. इस्त्री, शीतकपाट, गीझर ह्यांच्या धातूच्या अंगाला एक तिसरी, बहुधा हिरवी, तार जोडून ती जमिनीत नेलेली असते. तेथे खड्ड्यात लोखंडी नळ पुरून भोवती कोळसा व मीठ घालतात, म्हणजे ओल टिकून राहते. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. यंत्रातील फेज तार निसटून धातूला लागली, तर वीज ह्या सोप्या वाटेने जमिनीकडे लोटते. तो लोट इतका मोठा असतो की एमसीबी तत्काळ पडतो. तीन पायांच्या प्लगचा वरचा पाय नीट पाहा. तो इतर दोघांहून लांब व जाड असतो. लांब अशासाठी, की प्लग घालताना तो सर्वांच्या आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांच्या मागून सुटावा; जाड अशासाठी, की तो दुसऱ्या भोकात शिरूच नये. एवढा विचार करून घडविलेला हा पाय काही लोक कापून टाकतात! कोणी तर प्लगच बाद करून उघड्या तारा सॉकेटात घालतात आणि आगपेटीच्या काड्या खुपसून त्या घट्ट बसवितात. असे करणारे लोक अडाणीच असतात असे नाही. मी फ्यूजचे काय केले होते, ते तुम्ही वाचलेच आहे.

दुसरा राखणदार म्हणजे ‘आरसीसीबी’. हा मोठा हिशेबी आहे. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, ह्याचा तो अखंड ताळा पाहत असतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कोठेतरी वीज भलत्या वाटेने, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून, जमिनीकडे चालली आहे असे समजून तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारा प्रवाह तोडतो. त्याच्यावर चाचणीसाठी एक लहानसे बटण असते. मोठ्या माणसांनी ते मधूनमधून दाबून पाहावे. स्विच पडला नाही, तर तो बदलून घ्यावा.

आता, हे सारे नीट बसविणारा माणूस कसा शोधावा? रस्त्यावरील खांबावर चढणारा लाइनमन आणि घरातील तारा जोडणारा तारतंत्री ह्यांच्यात पुष्कळांची गल्लत होते. मीटरपर्यंतची व्यवस्था वीजकंपनीची. मीटरच्या पुढे घरमालकाची. घरातील कामासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘वीजतंत्री’ व ‘तारतंत्री’ असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेमार्फत परवानेही दिले जातात. परवान्यावर छायाचित्र आणि मुदत असते. ती पाहण्यात संकोच मानू नये. डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांची पदवी आपण भिंतीवर वाचतोच की. शेजारीपाजारी चौकशी करावी, पण “स्वस्तात कोण करतो?” असे विचारण्यापेक्षा “तुमच्याकडे काम करून गेल्यावर पुन्हा बिघाड झाला का?” असे विचारावे. चांगला तारतंत्री अनेकदा नकार देतो. “ह्या तारेवर गीझर चालणार नाही, मीटरपासून जाड तार ओढावी लागेल,” असे म्हणणारा माणूस आपल्याला खर्चात पाडतो असे वाटते. जो कशालाही ‘हो’ म्हणतो, त्याच्याविषयी मला अधिक शंका येते.

त्याच्या कामाची एक परीक्षा तर तुम्हांलाही समजेल. दिव्याचे बटण नेहमी फेजच्या तारेवर बसवायचे असते. कोणी ते चुकून न्यूट्रलवर बसविले, तरी दिवा लागतो आणि विझतो. वरवर काहीच कळत नाही. परंतु दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंतच राहते, आणि दिवा बदलणाऱ्याचा घात होतो. म्हणून काम संपल्यावर “बटण फेजवरच आहे ना? तपासून दाखवा,” असे वडिलांनी त्यास अवश्य म्हणावे. स्वतः मात्र टेस्टर हाती घेऊ नका.

एखाद्याला विजेने धरलेच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल, तर मोठ्या माणसांना हाक मारा. त्यांनी कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्यास दूर सारावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रस्त्यात तुटून पडलेली तार दिसली, तर ती मेलेली आहे असे समजू नका. लांब राहा, इतरांना लांब ठेवा, आणि मोठ्यांकरवी १९१२ ह्या क्रमांकावर वीजकंपनीला कळवा.

आमच्या त्या तारतंत्र्याला सारे काम उरकावयास दिवस मावळला. अर्थिंगची तारही सॉकेटाच्या मागे नुसतीच लोंबत होती. तीही त्याने जोडली. इस्त्री आणि हीटर एकत्र लावणार नाही, असे माझ्याकडून वदवून घेतले. कपड्यांची तार काढून तेथे सुती दोरी बांधली. जाण्यापूर्वी त्याने कानावरची पेन्सिल काढून फ्यूजच्या फळीवर, ज्याच्या त्याच्या खाली, ‘माजघर’, ‘स्वयंपाकघर’, ‘पडवी’ अशी नावे लिहिली आणि माझ्या मुलीला जवळ बोलावून ती मोठ्याने वाचावयास सांगितली.