पॅलेस्टिनी कथासाहित्य : न संपणारा आघात

१९४८ च्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. अरबीत या घटनेस 'नकबा' म्हणजे महासंकट म्हणतात. १९६७ च्या युद्धानंतर पश्चिम किनारा व गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. पॅलेस्टिनी कथासाहित्य प्रामुख्याने या दोन घटनांभोवती फिरते. मात्र त्यातील महत्त्वाच्या कृतींत रणांगण क्वचितच येते. आघात व्यक्त होतो तो घर, वस्तू आणि मौन यांतून.

गस्सान कनफानी (१९३६-१९७२) यांची 'आइद इला हैफा' (हैफाकडे परतणारा) ही लघुकादंबरी याचे उत्तम उदाहरण होय. एप्रिल १९४८ च्या पळापळीत सईद व सफिया यांचे तान्हे मूल हैफातील घरातच राहते. १९६७ मध्ये तेथे जाता येऊ लागल्यावर दोघे घर पाहायला जातात. नाझी अत्याचारात आप्त गमावलेली एक ज्यू स्त्री आता तेथे राहते. फुलदाणीतील मोरपिसे ७ होती, ती ५ उरली आहेत, हे सईदच्या ध्यानी येते. मुलगा मात्र इस्रायली सैनिक झालेला असतो. तो त्यांना आईबाप मानत नाही.

उर्दूच्या अध्यापकास येथे मुंबईत राहिलेल्या इस्मत चुगताई यांची 'जडें' ही कथा आठवेल. फाळणीच्या वेळी कुटुंब पाकिस्तानकडे निघते, वृद्ध अम्मा घर सोडत नाही. शेवटी शेजारचे रूपचंदजी साऱ्यांना परत आणतात. दोन्ही कथांचे केंद्र घर आहे. परंतु 'जडें'मध्ये परतणे शक्य होते. हैफात घर सापडूनही परतणे घडत नाही.

अदानिया शिबली यांच्या 'तफ्सील सानवी' (२०१७) या कादंबरीत हा आघात पुढील पिढीपर्यंत पोहोचतो. पूर्वार्धात, १९४९ मध्ये, नेगेव वाळवंटात सैनिक एका बेदुईन मुलीवर बलात्कार करून तिला ठार मारतात. अनेक दशकांनंतर रामल्लाची एक स्त्री तपासणी नाके ओलांडत त्या घटनेचा माग काढते आणि अखेर स्वतःच गोळीला बळी पडते. म्हणजे येथे आघात ही केवळ आठवण नसून चालू परिस्थिती आहे.

सुरतेतील कोसाडच्या पुनर्वसन वसाहतीत तापीकाठची घरे सोडून आलेली कुटुंबे राहतात. अशा विद्यार्थ्यांना मोरपिसांचा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तथापि पुनर्वसन आणि लष्करी ताबा एकच नव्हेत, हे अध्यापकाने स्पष्ट करावे. साम्यामुळे कथा जवळची वाटते. तिचा अर्थ मात्र फरक ओळखल्यावरच कळतो.