रामेनमधला खार

मुंबई-पुण्यात जपानी रामेन मिळू लागले आहे आणि त्याबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक रश्श्याभोवतीच फिरते. हाडे किती तास उकळली, मिसो कोणता, वरचे अंडे किती शिजवले. शास्त्राचा दाखला द्यायचा झाला तर किकुनाए इकेदा यांचे नाव निघते. त्यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि उमामी ही स्वतंत्र चव असल्याचे मांडले. काम थोरच आहे, पण रामेनला रामेनपण उमामीने येत नाही. कोम्बू आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचा उमामीने भरलेला रस्सा उदोन या जपानी नूडल्सना असतो, सोबा नूडल्सनाही असतो. त्यांना कोणी रामेन म्हणत नाही. उलट साप्पोरोचा मिसोचा रस्सा, हाकाताचा हाडांचा दुधाळ रस्सा आणि तोक्योचा सोया सॉसचा नितळ रस्सा यांची चव एकमेकांपासून कितीतरी दूर, तरी तिन्ही रामेनच. ‘अबुरासोबा’त तर रस्साच नसतो, तळाशी थोडे तेल आणि सॉस, बस्स. तोही रामेनच्याच घराण्यात मोडतो. या साऱ्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे नूडल्सच्या पिठात मिसळलेला खार.

जपानीत त्याला कान्सुई म्हणतात. सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांचे हे मिश्रण पिठाच्या वजनाच्या साधारण एक टक्का पडते. आपल्या उडदाच्या पापडातला पापडखार याच कुळातला. शाकाहारी खवय्या पिवळ्या नूडल्स पाहून हमखास विचारतो, यात अंडे आहे का? काही ठिकाणी घालतातही, पण पिवळेपणासाठी अंड्याची गरज नसते. गव्हाच्या पिठात फ्लेवोन वर्गातली द्रव्ये असतात. एरवी ती रंगहीन राहतात, खार मिळाला की पिवळी होतात. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो, तसाच हा प्रकार. द्रव्य तेच असते, भोवतीचे पाणी आम्लारीधर्मी झाले म्हणून त्याचा रेणू प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषू लागतो. हळदीचा डाग आम्लाने पुन्हा पिवळा करता येतो, हे ज्याने लिंबू पिळून पाहिले आहे त्याला रामेनचा रंग निराळा समजावून सांगायला नको. इटालियन पास्त्याचा पिवळेपणा मात्र याहून वेगळा. तो ड्युरम गव्हातल्या ल्युटीनचा, त्याचा खाराशी संबंध नाही.

रंगापेक्षा महत्त्वाचा आहे तो पोत. खारामुळे ग्लुटेनची प्रथिने एकमेकांना घट्ट धरतात. कणीक ताठ होते, ओढली तर परत मागे येते. यावर कोणी म्हणेल की चिवटपणा उदोनलाही असतो, तिथे तर फक्त मीठ घालतात आणि सानुकी भागात कणीक पायाने तुडवतात. खरे आहे. पण उदोन जाडजूड असतो. हाकाताच्या नूडल्स सुतासारख्या बारीक असतात आणि त्यांना कढत रश्श्यात पडून राहायचे असते. तिथे मऊ पडण्याचा वेग खार रोखून धरतो, आणि म्हणूनच इतक्या बारीक नूडल्सही दाताखाली जाणवतात. हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेले नाही. चीनमध्ये लान्झोऊच्या हाताने ओढलेल्या नूडल्समध्ये परंपरेने वाळवंटी झुडपाची राख वापरली जाई. ओकिनावात लाकडाच्या राखेचे निवळलेले पाणी कणकेत घालत. राखेतला खार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच. जपानच्या लेबलविषयक नियमांतही या नूडल्सची, म्हणजे ‘चुकामेन’ची, ओळख कान्सुईनेच ठरते. इकेदांचे नाव शाळेच्या पुस्तकात जावे हे योग्यच, पण राखेचे पाणी पहिल्यांदा पिठात ओतणाऱ्या त्या अनाम स्वयंपाक्यांची रसायनविद्येची समजही तोलामोलाची होती.

‘म्हणजे केमिकलच ना?’ हा आक्षेप येणारच. एक टक्क्याच्या आसपास कार्बोनेट, त्यातलेही काही उकळत्या पाण्यात निघून जाणारे. एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. खाराने पिठातले थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट होते हे खरे. पण मैद्यात ते आधीच कमी उरलेले असते. रामेनबद्दल खरी काळजी करायची तर रश्श्यातल्या मिठाची करावी. ज्यांना हॉटेलात न जाता खाराची करामत पाहायची आहे, त्यांनी खायचा सोडा ओव्हनमध्ये साधारण १५० अंश सेल्सिअसला तासभर भाजावा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून त्याचे वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते आणि उरते ते सोडियम कार्बोनेट. ते कोरड्या चमच्याने हाताळावे, ओल्या बोटांना चुरचुरते. मैदा भिजवण्याच्या पाण्यात एका वाटी मैद्याला पाव चमच्याहून कमी विरघळवून पाहा, कणीक डोळ्यांदेखत पिवळी पडेल. आणि तेवढाही खटाटोप नको असेल तर घरातल्या इन्स्टंट नूडल्सचे पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचा. ‘आम्लता नियंत्रक’ या नावापुढे बहुधा ५०० आणि ५०१ हे क्रमांक दिसतील. पहिला सोडियम कार्बोनेटच्या गटाचा, दुसरा पोटॅशियमच्या.