हवामानाची माहिती आणि शेतीचा निर्णय

‘हवामान’ हा एकच मराठी शब्द व्यवहारात दोन भिन्न अर्थांनी योजिला जातो. आज दुपारी पाऊस पडेल काय, हा प्रश्न हवामानाचा. आणि एखाद्या प्रदेशात कोणत्या महिन्यात किती पर्जन्य अपेक्षावे, हाही हवामानाचाच. पहिल्या अर्थी वातावरणाची तात्कालिक स्थिती अभिप्रेत असते, तर दुसऱ्या अर्थी अनेक वर्षांच्या निरीक्षणांवरून सिद्ध झालेले त्या प्रदेशाचे जलवायुमान. शेतकऱ्याला हा भेद अपरिचित नाही. ७ जूनच्या सुमारास लागणाऱ्या मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रांशी जोडलेली कामांची परंपरागत मांडणी म्हणजे एक प्रकारचे जलवायुमानच होय. सायंकाळी क्षितिजाकडे पाहून बांधलेला अंदाज मात्र त्या दिवसापुरता असतो. या दोन्ही प्रकारच्या माहितीचे मोल तिच्या अचूकतेवर अवलंबून असते हे खरे. तथापि तिच्यामुळे शेतातील कोणता निर्णय बदलू शकतो, यावर ते अधिक अवलंबून असते.

भारतात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९३२ साली पुणे येथे सुरू झाला. त्या वर्षी डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली हवामान खात्याची कृषिहवामान शाखा स्थापन झाली. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता प्रसृत होऊ लागल्या व १९७६ साली कृषिसल्ला सेवेस आरंभ झाला. पुढे ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या द्वारे दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्हावार सल्ला देण्याची पद्धत रूढ झाली. वार्तेपासून सल्ल्यापर्यंतचा हा प्रवास महत्त्वाचा आहे. वार्ता पावसाविषयी बोलते. सल्ल्याला पिकाची अवस्था, जमिनीचा ओलावा आणि कामाची निकड यांचाही विचार करावा लागतो.

सरासरीचा आकडा या दृष्टीने किती अपुरा ठरतो, हे २०२३ च्या पावसाळ्यावरून स्पष्ट होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. केवळ हा आकडा पाहणारास तूट किरकोळ वाटेल. परंतु त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता व त्या महिन्यातील तूट ३६ टक्के होती. जुलै व सप्टेंबर या महिन्यांतील अधिक पावसाने हंगामाची बेरीज सावरली. फुलोऱ्यात व शेंगा भरताना ताण सोसलेल्या कोरडवाहू पिकाची हानी मात्र तिने भरून निघत नाही. पीक पावसाची बेरीज जाणत नाही, त्याचा क्रम जाणते.

पेरणीच्या बाबतीत हेच तत्त्व अधिक तीव्रतेने प्रत्ययास येते. २०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी व मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. या स्थळांच्या सर्वसाधारण तारखा अनुक्रमे १ जून व ११ जून आहेत. त्यानंतर मात्र मोसमी पावसाची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत खोळंबली. अर्थात्, आगमनाची तारीख ही पेरणीची तारीख होऊ शकत नाही. हलक्या सरीने बी रुजते, पण खालचा थर कोरडा असल्यास पुढील उघडिपीत रोप करपते व दुबार पेरणीचा भार पडतो. यासाठीच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीनसारख्या पिकाची पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. जमिनीत साठलेला ओलावा आणि पुढील दोन आठवड्यांचा अंदाज यांची सांगड घातली म्हणजेच माहिती निर्णयास उपयोगी पडते.

अंदाज हा स्वभावतः संभाव्यतेचा असतो. पावसाची शक्यता २० टक्के आहे असे कळले, तर शेतकऱ्याने काय करावे? समजा, कापून ठेवलेल्या सोयाबीनची गंजी ताडपत्रीने झाकण्यास १,००० रुपये खर्च येतो व ती भिजल्यास १०,००० रुपयांची हानी होते. न झाकल्यास संभाव्य हानी सरासरीने २,००० रुपये भरते. म्हणून झाकणेच हितावह. आता दुसरे उदाहरण घेऊ. फवारणी पावसाने धुपून गेल्यास २,००० रुपये वाया जातात, तर ती एक दिवस लांबविल्यास किडीमुळे ५०० रुपयांचे नुकसान होते. येथे संभाव्य हानी ४०० रुपये असल्याने फवारणी उरकून घेणे योग्य. अंदाज एकच, परंतु एका कामात त्याने सावध व्हावे लागते आणि दुसऱ्यात पुढे जावे लागते. कोणत्या शक्यतेस कोणती कृती करावी, ही सीमारेषा खर्च व हानी यांच्या गुणोत्तराने ठरते; ती वेधशाळेला परस्पर ठरविता येत नाही. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. ज्याच्याजवळ दुसऱ्या पेरणीचे बियाणेच नाही, त्याला सरासरीचा हिशेब पुरत नाही. एकच वाईट वर्ष त्याला कर्जात लोटू शकते.

जलवायुमान स्थिर आहे, या गृहीतावर आजवरचे बहुतेक ठोकताळे आधारलेले होते. ते गृहीत आता ढळले आहे. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. वायव्य भारतातून मोसमी पावसाच्या परतीचा आरंभ पूर्वी १ सप्टेंबरला धरला जाई. २०२० साली हवामान खात्याने ती तारीख १७ सप्टेंबर केली. अशा स्थितीत जुन्या नोंदी टाकाऊ ठरत नाहीत. परंतु त्यांवरून काढलेली मानके वेळोवेळी तपासणे अगत्याचे होते. अल्प मुदतीचे वाण, रुंद वरंबा व सरीची लागवड, शेततळ्यातील पाण्याचा एखादा संरक्षक हप्ता, हे उपाय कोणत्या तालुक्यात किती वर्षांतून किती वेळा उपयोगी पडतील, हे अशा तपासणीविना सांगता येत नाही.

निरीक्षणाची साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ विपुल आहेत. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायतीच्या पातळीवरील अंदाजास देशात आरंभ झाला. याउलट, अंदाजाचे स्थानिक पिकाच्या भाषेत रूपांतर करण्यासाठी कृषि विज्ञान केंद्रांत स्थापिलेले जिल्हा कृषिहवामान विभाग २०२४ साली बंद करण्यात आले. अंदाज गावापर्यंत पोहोचला आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस मात्र जिल्ह्यातून गेला, असा हा विरोध आहे. अंदाज किती वेळा खरा ठरला याची मोजदाद हवामानशास्त्रात नित्य होते. त्या अंदाजामुळे किती शेतांत पेरणी थांबली, किती गंज्या झाकल्या गेल्या व त्यातून किती उत्पन्न वाचले, याची मोजदाद पीकनिहाय व जमिनीच्या प्रतीनुसार होणे, हे कृषिहवामानशास्त्राच्या अभ्यासकांपुढील कार्य होय.